खापर

मागच्या आखाजीला मांजरीने आमचं खापर पाडलं.
पहिलाच मांडा, तोही कच्चा;
उरलेलं पुरण आम्ही वाटीने खाल्लं.
तुकडे कोंबड्यांच्या पाण्याला ठेवले होते.
ते पिशवीत भरून मी शाळेत नेले,
कारण बडगुजर सर म्हणाले होते, उद्या अथेन्स आहे.

बोरीकाठचं अथेन्स: वर पत्रे, खाली अडतीस पोरं,
फळ्यावर समुद्र, आणि त्याच्या कडेने
ओंजळभर शेंगा सांडाव्यात तशी गावं.
एकेक गाव म्हणजे एकेक राज्य, सर म्हणाले.
नाणं वेगळं, देव तेच, भांडण रोजचं.
हे आम्हाला शिकवावं लागलं नाही.
वरची आळी स्पार्टा, तिथे तालीम होती.
खालची अथेन्स, तिथे पार होता
आणि पारावर बोलणारे.

ते अंगाला तेल चोळत, सर सांगत होते,
धुळीत लोळत, मग काशाच्या खरवडणीने मळ उतरवत.
खेळांना निघालेल्याला वाटेत कोणी अडवायचं नाही.
जिंकणाऱ्याला रानजैतुनाचा पाला. डोक्यावर. बस.
"नारळ पन नही?" मागच्या बाकावरून हिलाल.
हिलालच्या घरी चौदा फेटे होते,
अकरा पितळी गडवे,
आणि एक बोकड, जो खाऊन झाला होता.

मग खापरांची गोष्ट.
वर्षातून एकदा सगळे जमत,
जो फार मोठा झाला त्याचं नाव तुकड्यावर कोरत.
ज्याच्या नावाचे तुकडे जास्त, तो दहा वर्षं हद्दपार.
गुन्हा नाही. शेत त्याचंच, घर त्याचंच.
फक्त इथे नसायचं.

मी विचारलं, बायका पण कोरायच्या?
सर खडू धरून थांबले.
नाही, म्हणाले. गुलामही नाही.
मी पिशवी मागे ओढली. खापर आमच्या चुलीवरचं.
सर हसले नाहीत.
हे अथेन्स नाही, म्हणाले, बहादरपूर आहे. कोर.

दहा वर्षांचे दहा दिवस केले,
हद्दपारी म्हणजे आवारातल्या कडुनिंबाखाली.
कर्कटकांची करकर सुरू झाली, दात आंबले,
तेवढ्यात हिलाल माझ्या बाकाशी.
त्याच्या हातून अक्षरं निसटायची,
माणसं नाही.
"लिखी दे ना."
कोणाचं?
"मन्हं."
सोळाव्या वर्षी ती जाड मान, ते चुरगळलेले कान.
"धा दिन तरी कोनी काही सांगनार नही माले."

मी कोरलं. हि, ला, ल.
काजळीखालून लाल माती उघडी पडली.
मोजले तेव्हा त्याच्या नावाचे तेवीस निघाले.
बाकीचे बावीस कोणी कोरले, का कोरले,
मला तेव्हाही माहीत होतं.

निंबाखाली तो झोपला. मुंग्या पाहिल्या.
आठव्या दिवशी जत्रेची दंगल,
शेवटची कुस्ती, समोर धरणगावचा मल्ल,
आणि हिलाल आखाड्यात उतरेना.
सर स्वतः गेले. अरे, ते वर्गापुरतं होतं.
"कोरेल शे ना?" तो म्हणाला.

वरची आळी हरली.
हरल्यावर फुटायचं ते खापर
सरांच्या माथ्यावर फुटलं.
समितीची बैठक झाली, हात वर झाले,
तुकडा कोणाला लागला नाही.
सहाच्या एसटीत सरांची ट्रंक चढली.
इथे त्यांचं शेत नव्हतं. घर भाड्याचं.

दहा वर्षं मी मोजली होती. मग मोजणं सुटलं.

परवा पारोळ्याच्या स्टँडवर हिलाल,
तेलघाणीचा मालक, पोट सुटलेलं, कान तेच.
"आते येस माले लिखता," म्हणाला. "बिलं लिखस मी."
बराच वेळ गाडी लागली नाही.
मग रस्त्याकडे बघत:
"सरना पत्ता शे का तुन्हाकडे?"

नव्हता.

हिंगाच्या डब्यात तो तुकडा आहे अजून.
काजळीच्या बाजूला हिलाल.
मांडा भाजायची बाजू गुळगुळीत,
कोरी.